खैरुन्निसाच्या घरची पत्रे

नाना फडणवीस १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले, तेव्हा त्यांच्याबरोबर मराठी दरबारातले शहाणपण आणि नेमस्तपणाही गेला, असे इंग्रजांचा पुण्यातला रेसिडेंट विल्यम पामर याने लिहिले. शाळेत इतिहास शिकलेल्या बहुतेकांच्या कानावरून हे वाक्य कधीतरी गेलेले असते. आम्हीही वर्गात ते कितीदा सांगितले असेल. पण हा पामर कोण आणि त्याच्या घरात कोण होते, हे ना आम्हाला कुणी शिकवले, ना आम्ही कुणाला सांगितले.

पामरच्या घरात फैज बख्श बेगम होत्या. मुसलमान, उत्तरेकडच्या खानदानी घरातल्या. दिल्लीच्या बादशहाने त्यांना किताब दिला होता. १७८५ च्या सुमाराचे या कुटुंबाचे एक मोठे तैलचित्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात लाल कोटातला पामर बसलेला आहे आणि शेजारी जमिनीवर बेगम, लेकरे आणि माहेरच्या बायका आहेत. पेशव्यांच्या पुण्यात कंपनी सरकारचा वकील असा राहत होता.

त्या काळी ही काही चोरीची गोष्ट नव्हती. बंगालमध्ये १७८० ते १७८५ या वर्षांत नोंदवलेली कंपनीच्या माणसांची मृत्युपत्रे अभ्यासकांनी पाहिली, तेव्हा तीनांतल्या एकात हिंदी पत्नीचा किंवा सोबतिणीचा उल्लेख निघाला. १८०५ नंतरच्या पाच वर्षांत हे प्रमाण चारांत एक झाले, १८३० मध्ये सहांत एक, आणि शतकाच्या मध्यापर्यंत असा उल्लेख जवळपास दिसेनासा झाला. माणसांची मने अशी आपोआप बदलत नाहीत, त्यामागे हुकूम होते. हिंदी आईच्या अनाथ मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवू नये, असा हुकूम १७८६ मध्ये निघाला. आई किंवा बाप यांपैकी एक जरी हिंदी असेल तरी त्या मुलाला कंपनीच्या मुलकी, लष्करी वा आरमारी नोकरीत घेऊ नये, असे १७९१ मध्ये ठरले. पामरच्या घरातच याचा परिणाम दिसतो. गोऱ्या बायकोपासून झालेला जॉन कलकत्त्यात बडा व्यापारी झाला. फैज बेगमेच्या पोटचा विल्यम इंग्लंडात शिकून आला, तरी त्याला निजामाच्या फौजेत चाकरी धरावी लागली. पुढे त्याने हैदराबादेत पेढी काढली आणि वऱ्हाडच्या कापसापासून गोदावरीकाठच्या लाकडापर्यंत व्यापार केला, तो भाग वेगळा. एकाच बापाची दोन मुले आणि मधली भिंत फक्त आईच्या रंगाची.

आम्हाला सांगायची आहे ती गोष्ट पामरच्या घरची नाही, त्याच्या हैदराबादच्या दोस्ताची आहे. ती आपल्यापर्यंत आली, कारण दोन भावांनी एकमेकांची पत्रे जपून ठेवली, आणि पुढे चाळीस वर्षांनी एका नानीने व नातीने एकमेकींना पत्रे लिहिली. भावांचे कागद आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. विल्यम डॅलरिंपल या लेखकाने ते चाळून २००२ मध्ये ‘व्हाईट मुघल्स’ हे पुस्तक लिहिले, तेव्हापासून ही कहाणी जगाला माहीत झाली. मराठी घरांत मात्र ती फारशी पोचलेली नाही, म्हणून हा लेख.

थोरला भाऊ विल्यम कर्कपॅट्रिक, धाकटा जेम्स, दोघे सावत्र. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, त्या वेळी विल्यम हा निजामाकडचा इंग्रज रेसिडेंट होता. त्या तहाने निजामाचा दिवाण अरस्तू जाह ओलीस म्हणून पुण्यात येऊन राहिला. मराठी वाचकाला हे प्रकरण ठाऊक असते ते इथपर्यंत. त्याच सुमारास जेम्स भावाच्या हाताखाली हैदराबादेत आला, आणि विल्यम आजारी पडून गेल्यावर १७९८ मध्ये त्याच्या जागी रेसिडेंट झाला. जेम्सचा जन्म १७६४ चा, मद्रासचा. फारसी आणि हिंदुस्तानी तो सफाईने बोलत असे, घरी मोगली पोशाख घाली, हुक्का ओढी. निजामाने त्याला ‘हश्मत जंग’ हा किताब दिला होता.

खैरुन्निसा ही इराणातल्या शुस्तर गावाहून आलेल्या सय्यद घराण्यातली मुलगी. वडील मेहदी यार खान आधीच वारले होते. आई शरफुन्निसा आपल्या माहेरी, बाकर अली खान यांच्या हवेलीत, दोन मुलींना घेऊन राहत होत्या. बाकर अली खान इंग्रजी फौजेचे बक्षी होते, म्हणजे पगाराचे काम बघणारे, त्यामुळे साहेबलोकांशी त्यांचे जाणे-येणे असे. दरबारातले बडे प्रस्थ मीर आलम हे त्यांचे नातलग. खैरुन्निसाच्या बहिणीचे लग्न निघाले, त्या समारंभात जेम्स पाहुणा होता आणि पडद्याआडून मुलीने त्याला पाहिले. तिचा रिश्ता तेव्हा दुसरीकडे, एका उमरावाच्या मुलाशी, ठरलेला होता. तो तिला नको होता.

इथून पुढची हकीकत जेम्सने थोरल्या भावाला लिहिलेल्या पत्रांत येते. विल्यम तेव्हा कलकत्त्यात, गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या अगदी जवळच्या हुद्द्यावर बसलेला. म्हणजे धाकट्याची पत्रे एका अर्थी घरची आणि एका अर्थी सरकार-दरबारची. काही मजकूर त्याने सांकेतिक लिपीत लिहिला आहे. आधी तो सगळेच नाकारतो. मग हळूहळू कबूल करतो: मुलीच्या घरच्या बायका आपल्या जनान्यात येऊ लागल्या, मुलगी आपल्यावर जीव टाकते असे सांगू लागल्या. एका रात्री तिची-आपली दीर्घ भेट झाली, तेव्हा तिची आई आणि आजी त्याच घरात होत्या. आपण स्वतःला आवरले, तिची समजूत घातली, असे तो लिहितो. ठरलेले लग्न लादले तर जहर खाईन, असे मुलगी म्हणत होती.

वाचताना एक गोष्ट डोळ्यांआड करू नये असे आम्हाला वाटते. मुलीचे वय तेव्हा चौदा होते, जेम्सचे पस्तीस. आमच्याकडे नववीत बसणाऱ्या मुलीचे हे वय आहे. त्या काळी हैदराबादेत इतक्या वयात मुलींची लग्ने होत, हे खरे. तरीही ही हकीकत लिहिणारा पस्तिशीचा, सत्तेच्या खुर्चीवर बसलेला पुरुष आहे, आणि तो ती आपल्या वरिष्ठाच्या कानाशी असलेल्या भावाला लिहितो आहे. तो स्वतःला सांभाळून लिहिणारच. या कहाणीला ‘अमर प्रेमकथा’ म्हणून मिरवणारे पुष्कळ झाले. आम्ही त्या ओळीत बसत नाही.

पण तिला बळजबरीने नेले, असा जो बोभाटा हैदराबादेत उठला, तोही टिकत नाही. रेसिडेंटने सय्यद घराण्याची मुलगी बिघडवली, धाक दाखवून घरच्यांना गप्प केले, अशा बातम्या १८०० मध्ये दरबारी अखबारांतून फिरू लागल्या. मीर आलमच्या मनात जेम्सविषयी अढी होती. इंग्रज छावणीतही जेम्सचे दुश्मन कमी नव्हते. चौकशा झाल्या. एक हैदराबादेतच, आणि १८०१ च्या नोव्हेंबरात मद्रासला, जिथे लष्करी अधिकाऱ्यांना शपथेवर साक्ष द्यावी लागली. या सगळ्या कागदांतून दिसते ते असे की पुरुषमंडळी अब्रूचा हिशेब करत असताना या मुलीच्या बाजूने तिची आई आणि आजी उभ्या होत्या. हवेलीच्या आत निर्णय बायकांनी घेतला होता. मुलीची रजामंदी विचारल्याशिवाय निकाह लावू नये, ही आपल्या दीनची शिकवण. ती किती घरांत फक्त काझीसमोरच्या तीन ‘कुबूल’पुरती उरते, हे आपण सगळे जाणतो. त्या हवेलीतल्या दोघी बायकांनी ती मनापासून मानली, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

निकाह १८०० सालच्या अखेरीस गुपचूप झाला. त्याआधी जेम्सने इस्लाम कबूल केला. ४ मार्च १८०१, बुधवारी पहाटे त्यांना मुलगा झाला. तारखांचा हिशेब वाचक करतीलच. आम्ही तो झाकून ठेवत नाही, आणि त्यावर निकाल देत बसायचाही आमचा इरादा नाही. जेम्सने मुलाच्या जन्माची नोंद एका कागदावर केली. आईला पडलेल्या स्वप्नावरून नाव मीर गुलाम अली ठेवावे अशी तिची इच्छा आहे, आणि मी त्याला साहब आलम हे नाव जोडणार आहे, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. छोटीशी चिठ्ठी, पण आम्हाला ती मोठाल्या चौकशी-अहवालांपेक्षा मोलाची वाटते. खैरुन्निसाची स्वतःची इच्छा कागदावर उतरलेली दिसते अशा फार थोड्या जागांपैकी ही एक आहे. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला मुलगी झाली. तिचे नाव नूरुन्निसा, लाडाने साहब बेगम.

वेलस्लीला जेम्सने खरी गोष्ट बराच काळ कळू दिली नाही. अखेर त्याची नोकरी वाचली, आणि बायको-मुले रेसिडेन्सीच्या जनान्यात राहायला आली. मुसी नदीच्या पलीकडे जेम्सने १८०३ पासून नवी कोठी बांधायला घेतली. समोर उंच खांब, प्रशस्त पायऱ्या. आज ‘कोठी विमेन्स कॉलेज’ म्हणून हैदराबादेत जी इमारत ओळखतात ती हीच, आणि शेकडो मुली तिथे शिकून गेल्या. खैरुन्निसा पडद्यात राहत असल्याने तिला कोठीचा दर्शनी भाग बघता येईना, म्हणून जेम्सने जनान्याच्या बागेत कोठीची छोटी प्रतिकृती उभारून दिली, असे सांगतात. तिचे अवशेष अजून तिथे आहेत.

याच दिवसांत पामर कुटुंब हैदराबादेत आले. १८०१ मध्ये पामरला पुण्याहून हलवण्यात आले होते. वेलस्लीला त्याच्यासारखी जुन्या वळणाची माणसे नको होती. फैज बेगम आणि खैरुन्निसा यांची इथे गट्टी जमली. वयात अंतर मोठे होते, पण साहेबाच्या घरात मुसलमान बेगम म्हणून राहणे म्हणजे काय, हे त्या दोघींइतके दुसऱ्या कुणाला कळणार होते? ही मैत्री खैरुन्निसाच्या शेवटच्या दिवसापर्यंत राहिली.

गोऱ्यांचा आकस वर सांगितला. आपल्या बाजूचा आकसही सांगायला हवा, नाहीतर लेख अर्धा होईल. सय्यद मुलगी फिरंग्याला कशी द्यायची, हा हैदराबादच्या खानदानी मंडळींचा सवाल होता. दीन वेगळा असेपर्यंत तो सवाल बरोबरच होता. पण माणूस मुसलमान झाल्यावरही कुरकुर थांबली नाही, कारण मग प्रश्न नसबाचा निघाला, खून कुणाचा आणि खानदान कोणते याचा. सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने कौमा आणि कबीले ओळखीसाठी केल्याचे सांगितले आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) यांनी अखेरच्या हजच्या खुतब्यात गोऱ्याला काळ्यावर, अरबाला अजमीवर श्रेष्ठत्व नसल्याचे बजावले. हे आपण जलशांत ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन स्थळाच्या कागदावर ‘मुलगी गोरी हवी’ असे लिहितो. बिरादरीबाहेरचा दीनदार, शिकलेला मुलगा परत पाठवतो. आमच्या ओळखीत अशी घरे आहेत, आणि वाचकांच्याही असतील.

जेम्सची पत्रे १८०४-०५ मध्ये सुस्त होत जातात. तब्येत खालावली होती. मुलांचे काय करायचे, हा घोर त्याला लागला होता. हिंदी आईच्या मुलांकडे इथले गोरे कोणत्या नजरेने बघतात, हे त्याला पुरते ठाऊक होते, आणि १७९१ चा हुकूमही समोर होता. मुले गोरी दिसतात, लहानपणीच इंग्लंडात वाढली तर निभावून जातील, असा त्याचा हिशेब. आईला हे मुळीच मान्य नव्हते. शेवटी बापाचे चालले. १८०५ मध्ये मुलांना मद्रासला नेले. तिथे जॉर्ज चिनरी या चित्रकाराने त्या दोघांचे चित्र काढले. अंगात हैदराबादी जरीचे कपडे, डोक्यावर टोप्या, मुलगी घाबरून भावाला खेटलेली. सप्टेंबरात जहाज निघाले. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी साडेतीनची.

जहाज सुटून दीड महिनाही झाला नव्हता, तोच १५ ऑक्टोबर १८०५ रोजी जेम्स कलकत्त्यात वारला. खैरुन्निसा हैदराबादेत, एकोणीस वर्षांची. नवरा गेला तो परमुलखात, आणि लेकरे समुद्रावर.

जेम्सच्या मृत्युपत्रात एक कलम आहे. बेगमेची स्वतःची जहागीर आणि जडजवाहीर भरपूर असल्याने वेगळी तरतूद करण्याची गरज वाटत नाही, तरी माझ्या अपार प्रेमाची खूण म्हणून तिला दहा हजार रुपये द्यावेत, असा त्याचा आशय आहे. इथे एक गोष्ट सहज लक्षात येते. खैरुन्निसाची मालमत्ता लग्नानंतरही तिचीच राहिली होती, कारण शरीअतने ती तिची ठरवली होती. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईचे धन कायद्याने नवऱ्याचे होत असे, आणि तो कायदा नीट बदलायला १८८२ साल उजाडावे लागले. मागास कोण होते, हा प्रश्न साहेबाच्या मनात आला नसेल, पण आपल्या मनात यायला हरकत नाही.

यापुढे कागद बदलतात. आता पत्रे हेन्री रसेलची आहेत. हा जेम्सचा तरुण साहाय्यक. खैरुन्निसा आईला घेऊन कलकत्त्याला नवऱ्याच्या कबरीवर गेली, तेव्हा तिचे कामकाज बघणारा म्हणून रसेल जवळ आला. त्यांच्यात काय जुळले ते त्याच्या आणि त्याच्या भावाच्या पत्रांतून कळते. तपशिलात जाण्याची गरज नाही. हैदराबादेत तोवर मीर आलम दिवाण झाला होता. त्याने तिला शहरात पाऊल टाकू दिले नाही, तेव्हा ती मछलीपट्टणमला, समुद्रकाठच्या परक्या गावात जाऊन राहिली, रसेलच्या भरवशावर. रसेलने १८०८ मध्ये मद्रासला एका गोऱ्या घराण्यातल्या मुलीशी लग्न केले, आणि ही खबर बेगमेला सांगायचे काम आपल्या भावावर सोपवले. स्वतः जाऊन तोंडावर सांगायचीही हिंमत झाली नाही. पत्रे जपणाऱ्याला आपले कौतुक होईल असे वाटत असते, पण कधी कधी त्याचीच पत्रे त्याच्याविरुद्ध साक्ष देतात.

खैरुन्निसाला पुढे हैदराबादेत परतता आले. २२ सप्टेंबर १८१३ रोजी ती गेली. वय सत्तावीस. फैज बेगम जवळ होत्या. तिच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन लिहून ठेवले तेही रसेलनेच, कारण तोवर तो हैदराबादचा रेसिडेंट होऊन आला होता. ही गोष्ट आम्हाला फार बोचते. चौदाव्या वर्षी तिने काय म्हटले ते जेम्सने लिहिले, आणि सत्ताविसाव्या वर्षी ती कशी गेली ते रसेलने. तिच्या हातचा कागद आपल्यासमोर नाही. घरात बसून एकाला समजावले, एकाला नाकारले, मुलाचे नाव सुचवले, मुलांना पाठवू नका म्हणून हट्ट धरला, हे सगळे करणारी बाई कागदावर दुसऱ्यांच्याच तोंडून बोलते.

मुले इकडे केंट परगण्यात आजोबांकडे वाढत होती. मार्च १८०६ मध्ये लंडनला त्यांचा बाप्तिस्मा झाला. साहब आलमचा विल्यम झाला, साहब बेगमची कॅथरीन, म्हणजे किटी. हैदराबादशी संबंध तुटला. मुलाला १८१२ मध्ये उकळत्या पाण्याचा अपघात होऊन अपंगत्व आले, आणि तो १८२८ मध्ये, तिशीही न गाठता, वारला. किटी देखणी निघाली. १८२४ च्या सुमारास थॉमस कार्लाइल हा पुढे फार नावाजलेला लेखक तिला भेटला. तिच्या आठवणींत त्याने तिला ‘अर्धी बेगम’ म्हटले आहे. कौतुकानेच म्हटले, पण ते ‘अर्धी’ काही सुटले नाही. १८२९ मध्ये तिने एका लष्करी कप्तानाशी लग्न केले आणि पुढे टॉर्की या समुद्रकाठच्या गावी संसार थाटला.

एकदा ती ओळखीच्या लोकांबरोबर स्वॅलोफील्ड येथील एका मोठ्या घरी गेली. घर हेन्री रसेलचे. हिंदुस्थानातून गडगंज होऊन तो तिथे निवृत्त आयुष्य जगत होता. दिवाणखान्यात भिंतीवर दोन मुलांचे चित्र लावलेले होते, चिनरीचे. किटी त्यासमोर उभी राहून रडू लागली. तिच्या आईचे हे चित्र रसेलकडे कसे राहिले ते त्यालाच माहीत. त्याने ते आपल्या पश्चात तिला द्यावे असे लिहून ठेवले.

तिथूनच तिला कळले की हैदराबादेत नानी अजून हयात आहेत. साल १८४१. किटीने नानींना पत्र लिहिले. तिला फारसी येत नव्हती आणि नानींना इंग्रजी. हैदराबादच्या रेसिडेन्सीतला साहाय्यक डंकन माल्कम मध्ये पडला. तो तिचे पत्र नानींना फारसीत समजावी, आणि नानींचा जबाब इंग्रजीत उतरवून पाठवी.

किटीच्या त्या पत्रात ती आईच्या आठवणी सांगते. निरोपाच्या वेळी आई कुठे बसली होती ती जागा अजून डोळ्यांसमोर दिसते, तिचा आक्रोश आठवतो, ती केस तोडत होती ते आठवते. त्या केसांची एक बट मिळाली तर मी त्याच्या बदल्यात काय देणार नाही, असे ती म्हणते. आणि स्वप्नात आई भेटते. कधी कधी इतका आनंद होतो की झोपच मोडते. कधी मात्र आईला माझे इंग्रजी समजत नाही म्हणून जीव तळमळतो.

हे वाचल्यावर आम्हाला गोंदियातली घरे आठवली. रेल्वे, बिडी आणि भात यांच्या मागे कुठून कुठून येऊन वसलेली माणसे इथली. त्यांच्या लोखंडी पेट्यांत नानी-दादींची उर्दू पत्रे असतात. वर ७८६, मग सलाम-दुआ, मग कुणाचा ताप उतरला, कुणाच्या मुलीचा रिश्ता आला. नातवंडे मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली. अक्षरे ओळखता येत नाहीत, म्हणून आमच्यासारख्या उर्दू येणाऱ्या शिक्षकाकडे कागद घेऊन येतात. वाचून दाखवताना नातीच्या चेहऱ्यावर जे दिसते ते किटीच्या स्वप्नापेक्षा फार वेगळे नसते. त्या पत्रांत इतिहास नसेल, घरगुती कुरबुरीच असतील. तरी ज्यांना ती वाचता येतात त्यांनी मुलांना शेजारी बसवून वाचून दाखवावीत, मराठीत उतरवून मूळ कागदासोबत ठेवावीत. रद्दीत जायच्या आत.

शरफुन्निसांचा जबाब सोन्याचा वर्ख शिंपडलेल्या कागदावर, किनखापाच्या खलित्यात बंद होऊन टॉर्कीला पोचला. नातीचे पत्र आले तेव्हा म्हाताऱ्या बेगमेने ते डोळ्यांना लावले, काळजाला लावले, आणि ती जिवंत आहे, घरसंसार करून आहे, म्हणून अल्लाहचा शुक्र केला. छत्तीस वर्षांपूर्वी साडेतीन वर्षांची मुलगी त्यांच्या मांडीवरून उठून गेली होती. ज्या मुलीच्या मर्जीखातर त्यांनी घरच्या पुरुषांचा रोष पत्करला, ती लेक जाऊनही अठ्ठावीस वर्षे झाली होती. पत्रे सहा वर्षे चालली. दोघींची भेट झाली नाही. जुलै १८४७ मध्ये शरफुन्निसा हैदराबादेत वारल्या. किटी १८८९ पर्यंत जगली, आणि हैदराबादला ती पुन्हा कधी आली नाही.